ब्रेक लावणाऱ्या सिस्टर

...अहो, एक म्हणतो चाला, दुसरा म्हणतो पडून राहा, तिसरी म्हणते डाव्या कुशीवर झोपा, चौथी म्हणते डाव्या कुशीवर झोपलात तर संपलंच! आता माझ्या बायकोने करायचं काय, डाव्या कुशीवर पडून चालायचं? तुम्हाला सांगतो, मोबाईलवर 'गरोदरपण' एवढा एकच शब्द टाकला आणि व्हिडिओ असे अंगावर आले, की ज्याचं नाव ते! आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ!

मी कोण? मी ड्रायव्हिंग स्कूलवाला. सतरा वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवतोय. पायाखाली माझा वेगळा ब्रेक आणि जीव मुठीत. म्हणजे घाबरणं हा आपला धंदाच आहे, त्यात नवीन काही नाही. पण आमच्या हिला सातवा महिना लागला, आणि एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता ही एकदम रडायलाच लागली. म्हणाली, "अहो, मला भीती वाटते. जो तो काहीतरी वेगळंच सांगतो. मला एक माणूस शोधून द्या. गोड बोलणारं नको, घाबरवणारं नको. खरं सांगणारं हवं. एकच!"

आता बायकोने चपला मागितल्या, छत्री मागितली, तर माणूस बाजारात जाईल. खरं बोलणारं माणूस कुठल्या दुकानात मिळतं? बरं, दवाखान्यातल्या डॉक्टरबाई खरं बोलतात, पण त्यांच्या दाराबाहेर चाळीस पोटं रांगेत बसलेली! दोन प्रश्न विचारले की तिसऱ्याला मागून कुणीतरी खाकरतं.

म्हणून बसलो शोधायला. पहिलाच निघाला दंडांवर बेडक्या काढलेला एक गडी. "नमस्कार मित्रांनो! बाळंतपण सोपं करणाऱ्या पाच गोष्टी, आणि पाचवी ऐकून तुम्ही थक्क व्हाल!" झालो ना थक्क! पाचवी गोष्ट म्हणजे त्याच्याकडची पावडर. अरे, तू कधी बाळंत झाला होतास बाबा? मग एक बाई, समुद्रकिनाऱ्यावर, पांढरे कपडे, डोळे मिटलेले... "वेदना ही केवळ एक कल्पना आहेऽऽ." आमची ही म्हणाली, "तिला म्हणावं ये इकडे, दोन कल्पना मीच देते." आणि त्यात सासूबाई रोज सकाळी फोनवरून एकेक पाठवणार, "जावईबापू, हा बघा हं, यात बाई फार छान हसते." अहो, हसते ते ठीक, पण सांगते काय?

तेव्हा म्हटलं, आपण आपली परीक्षा लावायची. माझा एक नियम आहे. शिकाऊ माणूस गाडी किती झोकात पळवतो ते मी बघतच नाही, पळवता काय कुणालाही येतं! मी बघतो तो थांबतो कुठे. ज्याला थांबायचं कळतं त्याच्या हातात गाडी द्यावी. व्हिडिओला तोच न्याय! जो म्हणेल 'यापुढचं मला माहीत नाही, डॉक्टरला विचारा', तो पास. तुम्हाला सांगतो, एकोणचाळीस व्हिडिओ बघितले... सगळे नापास! एकालाही ब्रेक नाही हो! सगळे आपले उतारावर सुसाट!

आणि चाळिसावी ही सिस्टर.

काय ते रूप! मागे लोखंडी कपाट, वर फडफडणारी ट्यूब, चेहऱ्यावर हसू म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. बघणारे किती? दोनशे बारा. आणि आवाज असा, की बस थांब्यावर उशीर झाल्याची सूचना देतायत. "मी एकवीस वर्षं बाळंतपणाच्या विभागात काम करते. मला माहीत आहे तेवढंच सांगेन. बाळाची हालचाल कमी वाटली तर वाट बघू नका, जाऊन तपासून घ्या. माझं ऐकून औषध घेऊ नका. संपलं. आता व्हिडिओ बंद करा आणि पाणी प्या."

मी उडालोच! म्हणजे जगात सगळे 'बघत राहा, बघत राहा' म्हणतायत, आणि ही बाई म्हणते बंद करा! ब्रेक! मी तिथल्या तिथे पास केली. तरी खात्री नको? डॉक्टरबाईंना दाखवला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाल्या, "बरोबर सांगतायत. आणि मला एवढं सावकाश सांगायला वेळ मिळत नाही, तेव्हा बघा."

मग काय, घरात सिस्टरांचं राज्य! कळा कशा ओळखायच्या, बॅग कशी भरायची, नवऱ्याने काय करायचं... नवऱ्याबद्दल एकच वाक्य होतं हो, "नवऱ्यांनी सूचना देऊ नयेत." आणि दर खेपेला शेवट तोच. आता व्हिडिओ बंद करा आणि झोपा. आता व्हिडिओ बंद करा आणि चार पावलं चाला. ही हसायला लागली, झोपायला लागली. मला तेवढंच हवं होतं.

मुलगी झाली. सुखरूप. सूचना न देता उभा राहिलो, फक्त प्रत्येक कळेला माझा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा... ब्रेक शोधत होता बिचारा.

घरी आलो, सासूबाई आल्या, आणि सगळं घर पाळण्यावर वाकलं. नाक कुणाचं, कान कुणाचे! आणि सहाव्या दिवशी सकाळी ही भिंतीला टेकून म्हणाली, "डोकं फार ठणकतंय." सासूबाई म्हणाल्या, "जागरणं गं. पड जरा." मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? मग ही म्हणाली, "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." आणि मी वळून तिच्या तोंडाकडे बघितलं. सहा दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं हो. तोंड सुजलेलं.

आणि माझ्या कानात ती ट्यूब फडफडली! "बाळाला सगळे बघतात. आईला कोण बघतंय? बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला, असं नाही. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तोंड सुजलंय, यातलं काहीही असेल तर बीपी वाढलेलं असू शकतं. आता व्हिडिओ बंद करा आणि दवाखान्यात जा. चहा नंतर प्या."

मी हातातला कप ठेवला तो थेट टेबलावरच्या सासूबाईंच्या चष्म्यावर! "चला!" म्हणून ओरडलो, हिला धरून खाली आणलं, मागच्या सीटवर बसवलं, बाळाला घेऊन सासूबाई तिच्याशेजारी, मी दार उघडलं, बसलो, पट्टा लावला, म्हटलं, "आरसे बघा, क्लच दाबा, चला!"

गाडी जागची हलेना.

मागून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, चालवणार कोण?"

अहो, मी माझ्याच सीटवर बसलो होतो! सतरा वर्षांची सवय! स्टिअरिंगपुढे कुणीच नाही, आणि मी हवेला सूचना देतोय! तशातही मागून हिचा आवाज आला, "सिस्टर म्हणाल्याच होत्या..."

पलीकडे उडी मारली आणि पोचलो. बीपी वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. डॉक्टरबाईंनी भराभर औषधं सुरू केली. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाल्या, "आता उतरतंय. 'जागरण आहे' म्हणून दुपारपर्यंत थांबला असतात तर फिट आली असती कदाचित. बरं केलंत, लगेच आणलंत." मी कसला आणतोय! मी तर शेजारच्या सीटवर होतो. आणलं त्या लोखंडी कपाटासमोरच्या बाईने. तिथेच बाकावर बसून रडलो मी, सांगायला लाज कसली?

चार दिवसांनी ही घरी आली. मी सिस्टरांना कमेंट लिहिली. चांगली पानभर! तुम्ही देवासारख्या भेटलात, तुमचे उपकार सात जन्म फिटायचे नाहीत, आमची छोटी मोठी झाली की तिला तुमच्या पायांवर घालीन... सगळं मनापासून हो! दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "बरं झालं. बीपी रोज तपासा. कमेंट लिहिणं बंद करा आणि बायकोला झोपू द्या, बाळाला तुम्ही घ्या."

घेतलं!

आता ही ठणठणीत आहे, देवाची आणि सिस्टरांची कृपा. पण त्या एका वाक्याने माझी काय अवस्था केलीय, विचारू नका. मी घरात तोंड उघडलं रे उघडलं, "मी काय म्हणतो, आपल्या वेळच्या ड्रायव्हिंगमध्ये..." की आतून ही म्हणते, "बंद करा आणि लंगोट वाळत घाला." सासूबाई तर आता व्हिडिओ पाठवायच्याही थांबल्या, त्या मलाच बंद करतात! सतरा वर्षं दुसऱ्यांसाठी ब्रेक दाबत आलो, आणि आता घरात तिघीजणी, त्यातली एक दीड महिन्याची, तिघींचा पाय माझ्या ब्रेकवर...

काय? हो, हो, ऐकलं! चौदा लंगोट आहेत, एवढं सांगून होऊ दे की... बरं. झालो बंद.