इथं तुम्हाला कोण बघतंय?

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, व्यापारी संघाचे प्रमुख आणि फर्निचरचे मोठे व्यापारी, माननीय अध्यक्ष महोदय. प्रमुख पाहुणे, आपल्या दैनिकाचे संपादक साहेब. सत्कारमूर्ती, अख्खं गाव ज्यांना काका म्हणतं ते माझे मालक. व्यासपीठावरील इतर मान्यवर आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

आज रविवार, अठरा फेब्रुवारी. संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी मागच्या रांगेतल्या खुर्च्या मोजत होतो. तेवढ्यात अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, "मुख्य वक्ते येत नाहीत. तू दहा मिनिटं बोल, काकांचं कौतुक कर आणि शेवटी जमाखर्च वाच." मी म्हणालो, "साहेब, मी नववीपर्यंत शिकलेला माणूस." ते म्हणाले, "मग तर लवकर आटपेल."

आपण हसलात, बरं वाटलं. भाषण मी लिहून घेतलं आहे. न लिहिता बोललो की माझे हात थरथरतात. लिहून बोलतानाही थरथरतात, पण तेव्हा कागद हलतोय असं वाटतं.

काकांच्या स्टुडिओत मी सात वर्षं काम केलं. औषधांच्या दुकानावरची ती दीड खोली आपणा सर्वांना माहीत आहे. मागे निळा पडदा, मधे त्याची घडी पडलेली. एक पाय आखूड असलेलं स्टूल, त्याच्या खाली पुठ्ठ्याचा तुकडा. आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण आधीचे तीन कंगवे आपल्यापैकीच कुणीतरी नेले. माझं काम दोन गोष्टींचं. दिव्यासमोर पांढरी छत्री धरायची आणि पाकिटांवर नावं लिहायची. नावाच्या शुद्धलेखनात कधी चूक झाली नाही, हे काकाही मान्य करतील. करतील ना, काका? मान हलवली त्यांनी. आभारी आहे.

काका आता स्टुडिओ बंद करून परगावी मुलाकडे चालले आहेत. त्यांची कला कशात होती? मी सांगतो. लहान मुलांमध्ये. जे मूल स्टुलावर बसताच दात काढायला आणल्यासारखं आखडतं, त्याला काका एका मिनिटात हसवायचे. कसे? स्वतः नाही. ते मुलाच्या आईला किंवा बापाला, आजोबांना आपल्या खांद्यामागे उभं करायचे आणि म्हणायचे, "करा तोंडं वेडीवाकडी. लाजू नका. इथं तुम्हाला कोण बघतंय?"

मग काय काय पाहिलंय मी त्या छत्रीआडून! वकील रेडकासारखे ओरडलेले. बँकेतल्या बाई जीभ नाकाला लावताना. मूल खदखदून हसायचं, काका बटण दाबायचे, आणि पुढच्याच क्षणी गर्रकन वळून त्या मोठ्या माणसाचाही एक फोटो काढायचे. तो गिऱ्हाइकाला द्यायचा नसे. तो गंमत म्हणून. अशा फोटोंचा एक गठ्ठा काकांकडे आहे, त्याला ते माकडांचा गठ्ठा म्हणतात. संध्याकाळी मित्रमंडळी जमली की चहाबरोबर तो गठ्ठा निघायचा. अध्यक्ष महोदय, आपणही त्या चहाला असायचात, म्हणून आठवण करून दिली.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत एक ताई दोन मुलांना घेऊन आल्या. डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम करणाऱ्या. नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेला. थोरली पाच वर्षांची, तिला घरात पिटुकली म्हणत. धाकटा कडेवर. शाळेत द्यायला पिटुकलीचा फोटो हवा होता. तो तोंड मिटून काढला. मग ताई म्हणाल्या, "एक हसतानाचा पण काढा. घरात लावायला. तीन प्रती द्या, दोन्ही आज्यांना पाठवते." पैसे तिथल्या तिथे मोजून दिले.

पण पिटुकली हसेना. काका म्हणाले, "या माझ्या मागे." ताई संकोचल्या. काकांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. तेव्हा ताईंनी एकदा दाराकडे पाहिलं, मग डोळे वटारले, दात विचकले, दोन्ही हातांची बोटं नखांसारखी वाकवली आणि पोटातून गुरगुरल्या. पिटुकली इतकी हसली की स्टूल डगमगलं. धाकट्यानेही बोटं वाकवली. मी विचारलं, "हे काय?" पिटुकली म्हणाली, "ही आमची रात्रीची वाघीण आहे. ती रोज आम्हाला खाते, मग आम्ही झोपतो."

काकांनी बटण दाबलं. मग वळले आणि पुन्हा दाबलं.

पुढचं आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. निदान तसं आपण सगळे वर्षभर बोलत होतो. त्याच दिवशी ताई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, खाली आल्या, तर अंगणातून पिटुकली नाहीशी झालेली. फोटो दुसऱ्या दिवशी न्यायला यायच्या होत्या.

मुलगी कुठे आहे, हे मला माहीत नाही. आपल्यालाही नाही. फरक एवढाच, की मी तसं म्हणत आलो.

संपादक साहेबांचा माणूस स्टुडिओत आला तेव्हा मी छत्री पुसत होतो. त्याने विचारलं, "मुलीचा फोटो आहे?" काकांनी दिला. "आईचा?" काका क्षणभर थांबले. खरंच थांबले, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मग गठ्ठ्यातून तो काढला आणि दिला. दुसऱ्या दिवशी दैनिकाच्या पहिल्या पानावर डावीकडे हसरी मुलगी, उजवीकडे ताई. मधे मोठ्या अक्षरांत: 'या चेहऱ्यामागे काय दडलंय?'

साहेब, अक्षरं सुबक होती. शुद्धलेखनही अचूक.

त्या डाव्या फोटोवर गाव जीव ओवाळून टाकत होतं. "काय गोड हसते हो!" दुकानादुकानांत लावला. आणि उजव्या फोटोवर थुंकत होतं. ती मुलगी कुणाकडे बघून हसत होती, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. एका सेकंदाचं अंतर होतं. मी मधे उभा होतो.

मग सुरू झालं. केशकर्तनालयात, चहाच्या टपरीवर, शाळेच्या फाटकाशी. "रडली नाही म्हणे." दोन दिवसांनी टीव्हीसमोर रडली, तर "आता बरं रडू आलं." "फोटो आधीच काढून ठेवला होता. कशाला?" "नवराही गेलाच होता ना? तापाने? तापानेच कशावरून?" आमच्या खालच्या औषधवाल्या भाऊंनी तर ताईंनी कधी कोणती गोळी नेली होती ते आठवून आठवून सांगितलं. दुसऱ्या रांगेत बसलेत ते. नमस्कार, भाऊ. डोकेदुखीची गोळी होती ती.

पोलिसांनी ताईंना तीन महिने आत ठेवलं आणि काही न सापडल्याने सोडलं. दवाखान्यात परत कामाला गेल्या, तर रुग्ण म्हणाले, "हिच्या हातून डोळ्यांत थेंब? नको, आंधळा राहीन." डॉक्टरांनी त्यांना फायली लावायला मागच्या खोलीत बसवलं, पुढे तेही बंद केलं. गल्लीतली पोरं त्यांना पाहून बोटं वाकवून गुरगुरतात. त्यांच्या पिटुकलीचा खेळ, आणि आता गावातलं प्रत्येक पोर तो त्यांच्याच अंगावर खेळतं. याहून वाईट शिक्षा एखाद्या न्यायाधीशाला सुचली असती का?

मी गप्प नव्हतो. काकांना म्हणालो, "खरं काय ते सांगू या." काका म्हणाले, "मी फोटो काढतो. चेहरा ज्याचा त्याचा." हे वाक्य आजच्या मानपत्रातही घेतलं आहे, तिसऱ्या ओळीत. संपादक साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, दोन्ही फोटो खरे आहेत ना? मग झालं तर." अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझा पगार ती देते का?" आणि ताई आपले तीन फोटो मागायला आल्या, तेव्हा काकांनी जिन्यातच सांगितलं, "वर येऊ नका बाई, गिऱ्हाइकं बिचकतात."

कोण म्हणालं 'पुरे कर'? संपवतोच आहे. दहा मिनिटं मला दिलेली आहेत, आणि वेळेच्या बाबतीत मी काटेकोर आहे.

एकच गोष्ट राहिली, आणि आज मी त्यासाठीच उभा आहे. धाकटा आता चार वर्षांचा आहे. आई आत होती तेव्हापासून तो आत्याकडे असतो. आत्याबाईंनी दैनिकातलं ते कात्रण स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवलं आहे. मुलगा जेवला नाही की त्याच्याकडे बोट दाखवतात, "घास घे, नाहीतर ही येईल." गेल्या महिन्यात बालकल्याणच्या अधिकाऱ्यांनी आई आणि मुलाची भेट घडवली. मुलगा किंचाळून टेबलाखाली गेला. येत्या बुधवारी पुन्हा भेट आहे. या वेळीही तसंच झालं, तर तो कायमचा आत्याकडेच राहणार.

ताईंना मी आजचं आमंत्रण दिलं होतं. म्हणाल्या, "मी आले तर तुमचा कार्यक्रम मोडेल." आत्याबाईंना दिलं, त्या आल्या. चौथ्या रांगेत, भाच्याला घेऊन. आल्याबद्दल खरोखर आभार.

आता काकांच्या कलेचं प्रदर्शन. पत्रिकेत छापलंय, 'निवडक चाळीस छायाचित्रे'. निवड कुणी केली? मी. काका म्हणाले होते, "तुला आवडतील ते लाव, मला दगदग नको." मला आवडले ते लावले आहेत. तो पडदा जरा बाजूला ओढा हो.

बसून घ्या, कृपया बसून घ्या. सगळ्यांना दिसतील. मोठे करून घेतले आहेत.

वरच्या ओळीत पहिले अध्यक्ष महोदय, नातवासाठी दोन्ही गाल आत ओढून, डोळे तिरळे. शेजारी संपादक साहेब, बोटांनी ओठ फाकवून. साहेब, आपले दात सुरेख आहेत. खाली औषधवाले भाऊ. त्यांच्या डावीकडे आत्याबाई, भाच्याच्याच पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढताना; तेव्हा काय केलं होतं ते त्यांनाच आठवेल. आणि हो, काका, एक आपलाही आहे. तो मी काढलाय.

कुठल्याही फोटोखाली ओळ लिहिलेली नाही. संपादक साहेबांना शोभेल अशी ओळ मला सुचली नाही. 'या चेहऱ्यामागे काय दडलंय' ही सगळ्यांना चालली असती, पण ती वापरून झाली आहे.

चाळीसमध्ये ताई कुठे आहेत, शोधा. लगेच सापडत नाहीत ना? मलाही परवा लावताना शोधावं लागलं.

आत्याबाई, तो उठलाय तर उठू द्या. हात सोडा त्याचा. इतक्या लोकांत हरवत नाही, सगळे बघतायत.

मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून मी सांगतो. तो अध्यक्षांपुढे थांबला, हसला. संपादक साहेबांपुढे जास्त हसला. आता आत्याकडे बोट करतोय. आता खालच्या ओळीत... थांबला.

कुणी बोलू नका. अध्यक्ष महोदय, माइक माझ्याकडेच राहू द्या.

तो रडत नाहीये. त्याने बोटं वाकवली आहेत. गुरगुरतोय. ऐका.

आत्याबाई त्याला उचलून नेतायत. जाऊ द्या, अडवू नका. झालं काम. दीडशे जणांनी पाहिलं. बुधवारी अधिकारी विचारतील तेव्हा जे पाहिलं ते सांगा. न पाहिलेलं सांगायला आपल्याला कधी अडचण आली नाही. हे तर पाहिलेलं आहे. काका, आपली गाडी मंगळवारची आहे. आपण एक दिवस जास्त थांबावं आणि बुधवारी ते एक वाक्य अधिकाऱ्यांपुढे म्हणावं, जे आपण प्रत्येक आईला म्हणत आलात. निरोपाला याहून मोठी भेट मला मागता येत नाही. काका माझ्याकडे बघत नाहीयेत. हरकत नाही. चाळीस वर्षं ते कॅमेऱ्यामागे होते, समोर यायला वेळ लागणारच.

अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, सभागृहवाले, माइकवाले आणि आपण सर्वांनी मला इतका वेळ ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझ्याकडून कुणाला उणंअधिक बोललं गेलं असेल, तर कमी शिकलेल्याचं बोलणं समजून पोटात घाला. कुणाच्या चेहऱ्याला धक्का लागला असेल, तर तो ज्याचा त्याचा.

आता सांगितल्याप्रमाणे जमाखर्च.

जमा: व्यापारी संघाकडून आठ हजार, दैनिकाकडून दोन हजार. एकूण दहा हजार.

खर्च: सभागृह तीन हजार. खुर्च्या आणि माइक दोन हजार शंभर. पुष्पगुच्छ, मानपत्र आणि स्मृतिचिन्ह दोन हजार चारशे. चहा अकराशे. फोटो मोठे करणं आणि पडदा चौदाशे. एकूण दहा हजार. शिल्लक काही नाही.

देणे: एका ताईंना हसऱ्या मुलीचे तीन फोटो. पैसे पूर्ण मिळालेले आहेत.