कड्यावरून पडलेला मरत नाही

दक्षिण कोरियातल्या नोनसानच्या लष्करी छावणीसमोरच्या केशकर्तनालयात मिसुकच्या मुलाचे केस उतरत होते. दुपारी त्याला सक्तीच्या सेवेसाठी हजर व्हायचं होतं आणि आई त्याला सोडायला आली होती. तिच्या शेजारी बाकावर कीजुन आणि संगबो अशी जोडगोळी होती. कीजुनलाही आजच हजर व्हायचं होतं; पुढचा नंबर त्याचा होता.

“कालचा भाग वाचलास, कीजुन?”

“वाचला. कड्यावरून ढकललं नायकाला.”

“कसलं काढलंय रे! मी मोबाइलवर चित्रं बोटानं सरकवतोय, सरकवतोय, आणि हा आपला पडतोच आहे.”

“मरेल का रे तो?”

“खुळा का तू? मान्ह्वात, आपल्या कोरियन चित्रकथांत, कड्यावरून पडलेला कधी मेलाय? खाली गुहा असते, गुहेत म्हातारा गुरू असतो. तीन वर्षं घाम गाळायचा, आणि आपण ते एका दमात वाचून मोकळे! मजा त्यातच आहे.”

“मला दीड वर्ष काढायचंय, संगबो. एकेक दिवस करून.”

“निघेल रे.”

“नायकाचं निघतं. त्याचा मित्र मरतो. दर वेळी.”

“असतं तसं.”

“मग मी कोण त्यातला?”

मिसुकला आरशात मुलाचे डोळे बाकाकडे लागलेले दिसले.

“चला, पुढचा कोण?” न्हाव्यानं मिसुकच्या मुलाला उठवून कापड झटकलं.

कीजुन जागचा हलेना. संगबो उठला आणि खुर्चीत जाऊन बसला.

“अरे, तुला तर पुढच्या वर्षी जायचंय!” कीजुन म्हणाला.

“असू दे. नायक तू. नायकाच्या आधी मित्र पुढे जातो. काका, चालवा मशीन.”