नऊचं प्रॅक्टिकल

नाही नाही, मॅडम, उशीर झाला तो झोप लागली म्हणून नव्हे — घरून अंधारातच निघालो होतो मी. गाडी बंद पडली वाटेत. या थंडीत पडते की नाही? पडतेच. नऊला दार बंद म्हणजे बंद, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत, मान्य — पण बाकीची पोरं इथंच वसतिगृहात राहतात, मी पार अमेरिकेच्या सीमेजवळून येतो हो, हे विनिपेग काय आम्हाला हाकेच्या अंतरावर आहे? आणि पोरं तरी कसली — पहिल्या दिवशी एकीनं मलाच विचारलं, सर, हजेरी कधी घेणार? इतिहास शिकवायचो ना मी शाळेत, ती ढब काही जात नाही.

पदवी आहे माझी, पण आमच्या चर्चच्या छोट्या कॉलेजातली. तिथं कसलं आलंय रसायनशास्त्र! मेडिकलला अर्ज करायचा तर ते हवंच, म्हणून नोकरी सोडून तुमच्या विद्यापीठात आलो. वेर्ना, माझी बायको, म्हणाली — लोर्न, हे एकच वर्ष हं, पुढं माझ्याच्यानं घर ओढवणार नाही. बोलली ती, आणि चुकीचं काय बोलली? हे प्रॅक्टिकल बुडालं की विषय बुडाला, विषय बुडाला की अर्ज नाही. संपलंच. एकदा, फक्त एकदा घ्या माझी परीक्षा — घड्याळ नका बघू, मॅडम. सांगतो. गाडीला काही झालं नव्हतं.

एक पिकअप उलटला होता, हायवेच्या कडेला, बर्फात. मी थांबलो. कुणीही थांबलं असतं. आत एक बाई, साठीच्या असतील, पाय अडकलेले, रक्त बाहेर फारसं नाही — मला वाटलं, वाचतील. फोन केला, माझा कोट त्यांच्या अंगावर घातला, खिडकीतून हात धरून बसलो. नाव सांगितलं त्यांनी, हिल्डा. त्यांनी विचारलं, "डॉक्टर आहेस का रे तू?" आणि मी म्हणालो — हो.

का म्हणालो? मला काय माहीत का म्हणालो! घाबरल्या होत्या हो त्या, श्वास लागला होता — मी हो म्हटलं आणि एकदम शांत झाल्या. मग सगळं सांगायला लागल्या, कुठं दुखतंय, कुठं काहीच कळत नाहीये, जसं आपण डॉक्टरांना सांगतो तसं. आणि मी हूं हूं करतोय. म्हणाल्या, "मरणार नाही ना मी, डॉक्टर?" म्हटलं, "छे हो, हिल्डाबाई, काहीतरीच काय!" तसंच बोलतात ना डॉक्टर? तुम्हीच सांगा — तसंच बोलतात.

अँब्युलन्स आली. त्यातल्या पोरीला त्या म्हणाल्या, "हे माझे डॉक्टर." ती माझ्याकडं वळली — "डॉक्टर, काय दिसतंय तुम्हाला?" मला काय दिसणार? मी मागं सरलो. नुसता मागं सरलो, मॅडम. अँब्युलन्सवाल्यांनी गाडीचा पत्रा कापला, त्यांना बाहेर काढलं, आणि बाहेर काढल्या काढल्याच… हो. गेल्या.

नाही, एवढं सांगायचं नव्हतं मला, मी परीक्षेबद्दल बोलायला आलो होतो — पण त्यांचा नवरा आला. शेत जवळच त्यांचं, ट्रॅक्टर घेऊन आला, ओढून काढू म्हणून. त्या पोरीनं सांगितलं त्याला — गेल्या, पण डॉक्टर होते जवळ. म्हातारा माझ्यासमोर आला, हातमोजा काढला त्यानं, एवढ्या गारठ्यात, आणि माझा हात हातात घेतला. म्हणाला, "डॉक्टर होता तिच्याजवळ. मला आयुष्यभर एवढं पुरेल." मी डॉक्टर नाही, हे सांगायचं होतं का? की नव्हतं सांगायचं? तुम्ही काय केलं असतंत? तो घरी जाऊन पोराबाळांना सांगणार, डॉक्टर होता, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं त्यानं. आणि मी इथं, एका प्रॅक्टिकलपायी — मला व्हायलाच पाहिजे डॉक्टर आता, कळतंय का तुम्हाला? आता मी मागं कसा फिरू?

काय? लॅबच्या चाव्या कशाला काढताय? आत्ता? म्हणजे — आत्ताच, इथंच? घेणार तुम्ही?

थांबा. याच हातानं त्यांचा हात धरला होता मी. आता त्याच हातानं ती ब्युरेटची नळी कशी धरू मी, थेंब थेंब सोडायचं असतं तिच्यातून… उद्या नाही का जमणार? नाही. बरोबर आहे, उद्या नाही. नाही, येतो. तुम्ही व्हा पुढं, मॅडम. येतो म्हटलं ना. व्हा तुम्ही पुढं.