दुसरं कार्ड

न्हाय, मुकादमानं न्हाय, मीच बोलावलं — बसा की रुद्रप्पा. आजपास्नं मागावर लावलं म्हणं तुमाला? व्हय, यादी हितनंच गेली, ह्या कंप्यूटरमधनं. बघितला न्हाय न्हवं कधी? बघा की. ही टेप. कांडीवर सूत गुंडाळतो तशी गिरणीतल्या समद्या माणसांची माहिती हिच्यावर गुंडाळलेली — मधला माणूस पायजे तर पैल्यापास्नं उलगडत जायचं. आदी हे समदं रजिस्टरात हुतं, बावीस वर्षं मीच लिवलेलं. आता माणसामागं दोन कार्डं, भोकं पाडलेली. पैल्यावर नाव, दुसऱ्यावर तब्येत अन् काम कुटलं द्यायचं ते. जेवणाचा डबा समजा — झाकणावर नाव, आत भाकरी. यंत्र काय उघडून चव बघत न्हाय. ज्या झाकणाखाली जो डबा आला, तो त्याचाच. झाकणं बदलली तर? न्हाय बदलत — म्हंजे तसं —

चहा घ्या. ती फिट — परत आलती का तुमाला? आषाढात? अन् कुणाला बोलला न्हाय. मागाचा पट्टा अंगापास्नं वीतभर असतोय, रुद्रप्पा. तुमच्या नावापुढं मीच तांबड्या शाईनं लिवलं हुतं, चालत्या पट्ट्यापाशी ठेवू नये. म्हणून तर घडीखात्यात हुता तुमी. ते रजिस्टर? रद्दीत गेलं. सही माजीच.

सांगतो. परवा हातातनं पेटी पडली. कार्डं फरशीभर. दुसऱ्या कार्डावर नाव नसतंय, नुसत्या क्रमानं लागलेली असत्यात. साहेब यायची येळ — गोळा केली, अंदाजानं लावली, यंत्रात घातली. नोकरी जाईल म्हणून गप ऱ्हायलो. सकाळी यादीत मागावर तुमचं नाव वाचलं अन् तसाच निरोप धाडला. कंप्यूटर दाखवतो म्हणून बोलावलं, ते तेवढ्यासाठीच. हितं असला म्हंजे तितं नसला, एवढंच सुचलं बगा.

काय म्हणला?

बाकीची माणसं?

पेटीत चारशे कार्डं हुती. दोनशे माणसं. तुमचा डबा कुणाच्या झाकणाखाली गेला, मला ठावं न्हाय. अन् बॉयलरवर आज कोण चढलंय, त्याला काय दुखणं हाय — तेबी न्हाय. तुमचं एकट्याचंच घेऊन बसलो हुतो मी.

उठू नका. भोंगा झाला तरी मागाकडं फिरकायचं न्हाय, कुणी इचारलं तर शंकरप्पा कारकुनानं बसवलंय म्हणा. साहेबाकडं जातो, समदी खाती थांबवा म्हणतो. माजी वहाण — ऱ्हाऊ द्या, तसाच जातो.

बसा तुमी.