बांधाला टेकून

(उल्हासनगर, १९९८. फोटो स्टुडिओची आतली खोली. कॉम्प्युटरसमोर स्टुडिओतली कुमुदिनी. तिच्या मागे दोन स्टुलांवर भीमराव आणि त्याचे वडील धोंडिबा.)

कुमुदिनी : नाकातला कापूस काढलाय. गळ्यातला हार पण काढला. आता डोळ्यांचं बोला. उघडायचे?

भीमराव : उघडायचेच. त्यासाठीच तर अंबरनाथहून इथं आलो. तिकडचा फोटोवाला म्हणाला, उल्हासनगरला कॉम्प्युटर आलाय, तिथं करून देतात.

कुमुदिनी : देतो की. आमचे शेठ आधी ब्रशने काढायचे. आता तेवढी मेहनत नाय. दुसऱ्या बाईचे डोळे कट करायचे, इथं बसवायचे. ह्याच वयाची एक आहे माझ्याकडे.

धोंडिबा : दुसऱ्या बाईचे?

कुमुदिनी : कळत नाय बाबा कोणाला. रंग मॅच करते ना मी.

धोंडिबा : मला कळंल.

भीमराव : आबा, घरून काय ठरवून निघालो आपण?

धोंडिबा : तू ठरवलंस. ती भिंतीवरून माझ्याकडं बगंल, आन् डोळे परक्या बाईचे. तिला माझी वळख कुठनं आसंल?

भीमराव : मॅडम, दुसरा फोटोच नाही हो आईचा. माझ्या लग्नात सगळ्यांचे निघाले, ही मांडवामागं चुलीपाशी. बोलवायला गेलो तर म्हणाली, हात पिठाचे हायत. गेली त्या दिवशी शेजाऱ्यांनी कॅमेरा आणला म्हणून एवढा तरी आहे. खुर्चीत बसवून काढला.

कुमुदिनी : असे पुष्कळ येतात, दादा. आधी बॅकग्राउंड लावू, मग डोळ्यांचं बघू. हे रेडी आहेत. कैलास पर्वत, खाली गंगा. मयताच्या फोटोला हाच जास्त जातो.

भीमराव : तो नको. आम्ही बौद्ध आहोत. रविवारी पुण्यानुमोदन आहे, सगळी मंडळी येणार.

कुमुदिनी : सॉरी हं. आधी विचारायला पाहिजे होतं मी. मग हे स्वित्झर्लंड? नाहीतर बगीचा, कारंजंवाला?

भीमराव : बगीचा द्या.

धोंडिबा : कंच्या बगिच्यात गेली व्हती ती?

भीमराव : म्हणून तर, आबा. निदान फोटोत तरी जाऊ दे.

कुमुदिनी : लावून दाखवते. जरा वेळ खातो हा... आला. पण हा हात कोणाचा? खुर्चीच्या मागून खांदा धरलाय. कट करून टाकू?

धोंडिबा : माझा हाय.

भीमराव : मान पडत होती तिची. आबा मागं वाकून धरून बसले होते.

कुमुदिनी : साफ काढते, दिसणार नाय.

धोंडिबा : हात काढशील, मग ती टेकंल कशाला? पडंल ना.

भीमराव : फोटोत कोण पडतं, आबा?

धोंडिबा : तूच बग.

कुमुदिनी : नाय दादा, बरोबर बोलतात ते. हात आणि खुर्ची गेली तर बघा, कारंज्यापुढे तिरकी लटकल्यासारखी दिसते. मागे काहीतरी पाहिजे टेकायला. झाड देऊ? बाक?

धोंडिबा : बांध घालता येतो?

कुमुदिनी : धरणाचा?

धोंडिबा : शेताचा गं बाय. जांभूळ गावाला आमी दुसऱ्याच्या रानात खंडानं भात करायचो, तिथला. भाकरी खाल्ली की त्याला टेकून बसायची ती.

कुमुदिनी : तसा रेडी नाय माझ्याकडे. बनवावा लागेल. साधा बनवते, चालेल? वर आकाश, गडदवरून फिकटावर ओढत आणायचं, असं. मग डोंगर. कसा होता डोंगर?

धोंडिबा : बारवी धरणाकडचा. टोकदार नको. बैल बसल्यावानी, लांबडा.

कुमुदिनी : असा?

धोंडिबा : अजून खाली घे. तिच्या डोक्यावर नको चढवू. हां. ऱ्हाऊ दे.

कुमुदिनी : आणि खाली गवत, हिरवं.

धोंडिबा : हिरवं कुठनं? भात कापून झोडणी चाललेली आसायची. रान पिवळं. बांधावरचं गवतबी वाळलेलं.

भीमराव : आबा, लोक काय म्हणतील? जन्मभर रानात राबली, मेल्यावर पण पोरानं रानातच ठेवली?

धोंडिबा : राबताना कुठं ठेवतोय? बसलेली ठेवतोय. दिसात तेवढाच येळ तिचा व्हता.

भीमराव : आणि डोळे? माझा पोरगा वर्षाचा आहे. आजी म्हणून त्याला हाच फोटो दिसणार. मेलेली आजी दाखवू त्याला? मलाच बघवत नाही, आबा. पाकिटातून काढतो आणि तसाच परत आत ठेवतो.

धोंडिबा : तुजंबी खरं हाय.

कुमुदिनी : बाबा, एक सांगा. बांधाला टेकून बसायच्या तेव्हा तोंड कुठे असायचं? फ्लॅशमुळे चेहरा एकदम पांढरा आलाय. मागे ऊन दाखवायचं तर तोंडावर पण उजेड टाकावा लागेल.

धोंडिबा : मावळतीकडं. समदं ऊन तोंडावर यायचं. मी म्हणायचो, द्रौपदे, सावलीला ये. ती म्हणायची, बसू द्या, पहाटंपासून गारठलेय. डोळे मिटूनच बोलायची.

कुमुदिनी : डोळे मिटून?

धोंडिबा : उनाकडं तोंड करून कोन उगडे ठेवतंय?

कुमुदिनी : थांबा. आता दोघं पण बोलू नका जरा. ऊन या बाजूने घेते. गालावर पिवळट... कपाळावर थोडं जास्त... पदराच्या या काठावर. बांधाची सावली मागे पडू दे. लाइट जायच्या आत सेव्ह करते, नाहीतर सगळं जाईल. हां. दादा, पुढे या.

भीमराव : काय केलंत तुम्ही?

कुमुदिनी : डोळ्यांना हात नाय लावला. ऊन टाकलं फक्त.

भीमराव : अशी बसलेली पाहिलीय मी तिला. शाळा सुटली की पलीकडच्या बांधावरून हाका मारत यायचो. आई, आई करत.

धोंडिबा : आन् मी हातानंच गप म्हनायचो तुला.

भीमराव : आबा, तुम्ही पण या. जवळून बघा.

धोंडिबा : बगितलं. तीच हाय.

कुमुदिनी : मग फायनल करू? डोळे असेच?

भीमराव : असेच राहू द्या. पण आबा, पोरगं मोठं होईल, विचारेल. आजी आपल्याकडे बघत का नाही म्हणेल. काय सांगायचं त्याला?

धोंडिबा : सांग, ऊन खात बसलीय. हाका मारू नको म्हनावं.