पाच पायांचा हत्ती

...आणि वर मशीन मलाच विचारतंय, फॉरमॅट करू का? तुम्हाला सांगतो, इतक्या थंडपणे तर न्हावीसुद्धा विचारत नाही! फॉरमॅट म्हणजे काय, तर फ्लॉपीवरचं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकू का. अरे, पुसायचीच असती तर चोवीस वर्षं कपाटात मऊ कापडात गुंडाळून ठेवली असती का? आता तुम्ही म्हणाल, फ्लॉपी कोण वापरतं हो आजकाल? आम्ही वापरतो! भरतकामाचं वर्कशॉप आहे आमचं. म्हणजे खोली एक, मशीन एक आणि मालकीणबाई एक... आमची ही. मी आपला दोरे बदलायला. मशीनला नक्षी भरवायची तर ती फ्लॉपीतूनच, दुसरं काही त्याच्या घशाखाली उतरत नाही.

तर त्या फ्लॉपीत हत्ती आहे. आमच्या मुलीनं चार वर्षांची असताना काढलेला. पाच पायांचा! मी तेव्हा विचारलं, अगं, पाचवा कशाला? तर म्हणे, "एक दुखला तर?" मशीन नवं होतं, हौस होती, हिनं त्या हत्तीची नक्षी केली, फ्लॉपीत भरली, वर चिठ्ठी डकवली, 'हत्ती. हात लावू नये.' मूळ कागद घर बदलताना गेला. म्हणजे हत्ती आता जगात एकाच जागी... आणि तीच मुलगी गेल्या सोमवारी बाळंतपणाला दवाखान्यात निघाली, आणि गाडीत बसता बसता आईला म्हणाली, बाळाच्या दुपट्यावर माझा हत्ती हवा हं. झालं! ही म्हणाली, लावा फ्लॉपी. लावली. घर्र... घर्र... खट्. फॉरमॅट करू का?

काढली, फुंकली, परत घातली. फॉरमॅट करू का? फ्लॉपी जिथे घालतात त्या ड्राइव्हमध्ये स्पिरिटचा बोळा फिरवला. फॉरमॅट करू का? मी म्हटलं, जाऊ दे, नवा हत्ती काढतो, त्यात काय एवढं! काढलाही. हिनं कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाली, किटली छान आलीये.

मुकाट्यानं दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. माझ्याहून वयानं मोठे, एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. म्हणाले, ड्राइव्ह गेलाय. मग जुन्या सामानातून एक चकचकीत ड्राइव्ह काढून दिला. धावत घरी आलो, बसवला... फॉरमॅट करू का? आणि तेवढ्यात जावयांचा फोन! मुलगी झाली, दोघी सुखरूप, गुरुवारी घरी. ही रडली, हसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, दुपटं कोरंच आहे." आजोबा झाल्याचा आनंद करायला मला एकूण अर्धं मिनिट मिळालं बघा.

बुधवारी दुरुस्तीवाले स्वतः आले. त्यांची फ्लॉपी घातली, चालली. आमची घातली, फॉरमॅट करू का? दोन्ही चष्मे आलटून पालटून लावले, मग जुना ड्राइव्ह उघडून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, हा पहिल्या दिवसापासून किंचित तिरका आहे. याचा फक्त फ्लॉपी फिरवणारा पट्टा सैल झालाय. चोवीस वर्षं यानं लिहिलं ते तिरकं, आणि वाचलं तेही तिरकं. सरळ ड्राइव्हला ते दिसणारच नाही. "वाकड्याचं वाकड्यालाच कळतं हो." यावर हिनं माझ्याकडे का पाहिलं, ते मी विचारलं नाही.

नव्याचा पट्टा काढून जुन्याला घातला, तिरकेपणाला हातही लावला नाही. लावली फ्लॉपी. घर्र... घर्र... आणि काही विचारलंच नाही हो त्यानं! गप! पडद्यावर सोंड आली, शेपूट आली, पाय... एक, दोन, तीन, चार... मी श्वास रोखून उभा... पाच. माझेच डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

रातोरात दुपट्यावर हत्ती उमटला, आणि गुरुवारी नात त्याच दुपट्यात घरी आली. आणि मला अक्कल आली. चार वर्षांच्या पोरीला जास्तीचं ठेवायचं कळलं, आणि आम्हाला चोवीस वर्षांत नाही? दहा कोऱ्या फ्लॉप्या आणल्या, दुपारभर बसून दहाही भरल्या. हत्ती एक, हत्ती दोन, चिठ्ठ्यांसकट. दुरुस्तीवाले विसरलेला चष्मा न्यायला आले, त्यांना ऐटीत दाखवल्या. ते म्हणाले, भरल्या कशावर? म्हटलं, ह्याच ड्राइव्हवर. त्यांनी चष्मा लावला, काढला आणि हळूच म्हणाले, "म्हणजे दहाही तिरक्या."

आता काय करता? नातीला नात होईपर्यंत हा वाकडा सांभाळणं आलं. त्यांच्या दुकानात होते नव्हते ते सगळे पट्टे उचलून आणले. पाच निघाले. दुरुस्तीवाले म्हणाले, एका ड्राइव्हला पाच कशाला?

म्हटलं, एक दुखला तर?