सुजीतच्या बाजूची प्रस्तावना

—नाही सर, चष्मा काढूच नका, वाचायचं कुठे आहे, फक्त सही. बाबांच्या आत्मचरित्राला तुमची प्रस्तावना आणि ती लिहायची मी — पुस्तक उघडून तरी बघितलंत का? राहू द्या. परवा प्रकाशन, डीआयपी इंडस्ट्रियल एरियातला प्रेसवाला एवढ्या दोन पानांसाठी मशीन अडवून बसलाय.

पण मी दोन लिहिल्यात. गॉलवेत शिकत होते ना, तिथली माझी रूममेट आयरिश बोलायची. त्यांच्यात साध्या प्रस्तावनेला म्हणतात ब्रोलख. आणि दुसरी असते जीनव्रोलख — बचावाची प्रस्तावना. कुणी खोटं लिहून ठेवलं असेल, तर ते आधी खोडायचं, मग पुस्तक सुरू. आपल्याकडे काय? मनोगत, ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका — सगळीकडे नुसते हात जोडलेले!

ही घ्या ब्रोलख. ‘साताऱ्याचा जिद्दी तरुण’ वगैरे. आणि ही दुसरी. बचाव कुणाचा? बाबांचा नव्हे हो, सुजीतचा! नववं प्रकरण काढा — ‘आमच्या कंपनीच्या साइटवर सुजीत नावाचा कामगार दगावला, त्याचं हृदय मुळातच कमकुवत होतं.’ कमकुवत? त्याच उन्हाळ्यात व्हिसाच्या मेडिकलला पास झालेलं हृदय सर! इथली आखातातली जुलैची दुपार, त्या वेळात उन्हात काम बंद ठेवायचा सरकारी नियम, आणि यतीननं त्याला गच्चीवर — म्हणजे ऑफिसनं — ऑफिसनं चढवलं... निघालंच तोंडातून. हो, यतीनच. माझा सख्खा भाऊ. आणि बाबा या पुस्तकाच्या प्रती गावच्या वाचनालयाला भेट देणार आहेत. सुजीतची दिया तिथेच पुस्तकं बदलायला जाते. ती काय वाचेल? बापात खोट होती, हेच ना? माझं घरात कोण ऐकतं — पण तुमचं नाव असलं, तर ही दुसरी प्रस्तावना काढायची बाबांची हिंमत होणार नाही.

काय? घरातली गोष्ट घरातच? मग सुजीत कुणाच्या घरातला होता, सर?

फोन कुणाला लावताय? बाबांना? लावा. — ‘मुलीचं डोकं फिरलंय’ — ऐकू येतंय मला, समोरच बसलेय. यतीनचं नाव पण सांगा ना, अडलात कशाला?

झालं? खलास? खाली रुपेश गाडी घेऊन उभा आहे, हॉटेलवर सोडेल. ती गोड प्रस्तावना न्या बरोबर. दुसरीखाली माझं नाव जाईल.

पेन तेवढं ठेवून जा.